‘आवाज आला का?’ : दादरच्या एका दुकानातील साउंडबॉक्सचे परीक्षण

दादर पश्चिमेला रानडे रोडच्या मागच्या एका गल्लीत माझ्या मावशीचे फराळाच्या पदार्थांचे दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या काउंटरवर, चकलीच्या बरणीला टेकून, मिसळणाच्या डब्याएवढा एक करड्या रंगाचा डबा गेली दोन वर्षे बसलेला आहे. ग्राहकाने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले की तो ‘पंच्याऐंशी रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगतो. कागदोपत्री त्याला साउंडबॉक्स म्हणतात. गल्लीत कोणी स्पीकर म्हणतो, कोणी मशीन, आणि मावशी त्याला ‘आमचा बोलका’ म्हणते. ती वस्तू, तिच्यामागची सेवा आणि त्या दोन्हींसाठी मोजावे लागणारे भाडे, असा या परीक्षणाचा विषय आहे.

माझा पक्ष आधीच सांगून ठेवते. अंधेरीतील एका छोट्या फिनटेक स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट डिझाइन आणि स्ट्रॅटेजी या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. आम्ही दुकानदारांसाठी उधारी आणि जमाखर्च ठेवण्याचे अॅप बनवतो, साउंडबॉक्स बनवत नाही. तरीही ज्या कंपनीचा हा डबा आहे तिचे आणि आमचे गिऱ्हाईक एकच आहे, आणि एवढ्या कारणासाठी तिचे नाव येथे देणे मला योग्य वाटत नाही. गेल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी त्या काउंटरमागे चार-पाच तास बसले, आधी मावशीला मदत म्हणून आणि नंतर उघडउघड वही घेऊन. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या वहीतले आहे.

या वस्तूची गरज का पडली हे समजण्यासाठी डबा येण्यापूर्वीचे दुकान आठवावे लागते. यूपीआयची सुरुवात 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईतच झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि पुढच्या काही वर्षांत गल्लीतल्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोडचे स्टिकर लागले. पैसे देणाऱ्याची सोय झाली. घेणाऱ्याची पंचाईत मात्र तेव्हाच सुरू झाली. मावशीचे हात बेसनाचे आणि तेलाचे असतात, मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि पैसे आल्याचा एसएमएस कधी लगेच येतो तर कधी गिऱ्हाईक दादर स्टेशनला पोहोचल्यावर येतो. मग ग्राहक आपल्या फोनवरची हिरवी खूण काउंटरवरून दाखवत असे आणि मावशी चष्मा नसताना मान डोलावत असे. अशाच एका दिवाळीच्या गर्दीत 640 रुपयांची खूण तिला दाखवली गेली. ते पैसे कधीच आले नाहीत. ती खूण जुन्या व्यवहाराची होती की बनावट अॅपवरची, हे आजतागायत कळलेले नाही.

साउंडबॉक्सने ही पंचाईत ज्या रीतीने सोडवली ती मला व्यवसायाच्या दृष्टीनेही फार शिकवणारी वाटते. आमच्या क्षेत्रात कोणतीही अडचण आली की आम्ही आणखी एक स्क्रीन काढतो, स्क्रीनवर आणखी एक रंग आणि रंगाखाली आणखी एक ओळ घालतो. या डब्याला स्क्रीन जवळजवळ नाहीच. आमच्याकडच्या डब्याला आवाज कमीजास्त करण्याची दोन बटणे, शेवटची रक्कम पुन्हा ऐकवणारे एक बटण, आणि नेटवर्क आहे की नाही हे सांगणारा एक बारीक दिवा एवढेच आहे. आत सिमकार्ड असते, त्यामुळे दुकानदाराच्या मोबाईलवर किंवा वायफायवर काहीच अवलंबून राहत नाही. मावशी पाठमोरी उभी राहून शेव तोलत असते, आणि पाठीमागून आवाज आला की न वळता ‘आले हो’ म्हणते. ज्या माणसाचे हात आणि डोळे दोन्ही कामात गुंतलेले आहेत त्याच्याजवळ रिकामा असतो तो कान, आणि ज्याने कोणी हा कान हेरला त्याला मी मनापासून दाद देते. गल्लीतली भाषासुद्धा बदलली आहे. पूर्वी ‘पैसे आले का?’ असे विचारत. आता ग्राहक आणि दुकानदार दोघेही ‘आवाज आला का?’ असे विचारतात.

आता आवाजाकडे वळते, कारण वस्तूची खरी परीक्षा तिथे आहे.

मराठीतून रक्कम बोलणारे यंत्र बनवणे हे इंग्रजीतून बोलणाऱ्या यंत्रापेक्षा अवघड काम आहे, आणि ही गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना उशिरा कळते. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि पुढचे दहा-दहाचे टप्पे इतके शब्द ध्वनिमुद्रित केले की शंभरापर्यंतचे सगळे आकडे जोडून तयार होतात. मराठीत बेचाळीसमधून ‘चाळीस’ आणि ‘दोन’ वेगळे काढता येत नाहीत, एकोणऐंशीत तर आकडा ऐंशीच्या घरात नसूनही ऐंशीचे नाव घेतो, आणि त्यामुळे नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द स्वतंत्र म्हणून घ्यावा लागतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो विषय विधानसभेतही कसा गाजला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्या वादात मी अर्थातच ‘एकवीस’च्या बाजूने होते, मात्र शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीतून टेम्पो मागे येत असताना डब्यातून आलेला आकडा पंचवीस होता की पस्तीस, हे ठरवण्याची वेळ आली की ‘वीस पाच’ म्हणणाऱ्यांची थोडी बाजू पटते.

माझ्या वहीत अशा चुकलेल्या ऐकण्याची नोंद आहे. सर्वांत जास्त वेळा गोंधळ झाला तो सात आणि साठ यांच्यात, त्याखालोखाल पंचवीस-पस्तीस, आणि मग एकोणसाठ-एकोणसत्तर. पुन्हा ऐकवणारे बटण यासाठीच आहे आणि ते चांगले आहे, पण ते डब्याच्या मागच्या बाजूला, चार्जिंगच्या भोकाशेजारी दिलेले आहे. दिवसातून दहा-बारा वेळा दाबावे लागणारे बटण मागे आणि महिन्यातून एकदा लागणारे आवाजाचे बटण पुढे, ही रचना करणाऱ्याने तेलकट हाताने डबा उचलून पाहिला नसावा. मावशीने त्यावर तिच्या परीने उपाय केला आहे. डबाच तिने उलटा, म्हणजे तोंड भिंतीकडे करून ठेवला आहे, आणि बटणावर कुंकवाचा ठिपका लावला आहे.

आकडे जोडण्याची पद्धतही अर्धीच मराठी आहे. 150 रुपयांना आपण दीडशे म्हणतो, 250 ला अडीचशे, 125 ला सव्वाशे. डबा ‘एकशे पन्नास’ म्हणतो आणि त्याला माझी हरकत नाही, कारण यंत्राने अधिक सरळ बोलावे हेच बरे. पण 1,100 रुपयांना तो ‘एक हजार एकशे’ म्हणतो. अकराशे चालले असते, एक हजार शंभर चालले असते. ‘एक हजार एकशे’ ऐकल्यावर मात्र मराठी कान पुढच्या आकड्याची वाट पाहत थांबतो, आणि मावशी दर वेळी ‘एकशे किती?’ असे डब्यालाच विचारते. हा दोष लहान वाटेल. माझ्या संघातल्या कोणी तो दाखवला असता तर मी त्याच आठवड्यात दुरुस्त करायला सांगितले असते, कारण शब्दांचे तुकडे जोडण्याचा नियम एकदा सुधारला की प्रत्येक दुकानातला डबा सुधारतो आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

आवाजाबद्दलची सर्वांत मोठी अडचण मात्र डब्याच्या आत नाही. मावशीच्या डाव्या हाताला एका गुजराती कुटुंबाचे पिशव्या-रुमालांचे दुकान आहे आणि समोर फूलवाला बसतो. तिघांकडे त्याच कंपनीचा डबा आहे, तिघांचा आवाज एकाच बाईचा आहे. सुरुवातीला तिन्ही डबे हिंदीत बोलत, आणि ‘चालीस रुपये’ हा आवाज आला की तिन्ही दुकानांतल्या माना एकदम वर होत. एकदा फुलांचे चाळीस रुपये चकलीचे म्हणून धरले गेले आणि ग्राहक पैसे न देता, बहुधा विसरून, निघून गेला. नकाशावर स्वतंत्र ठिपके दिसणारी ही दुकाने प्रत्यक्षात एकमेकांना खेटून असतात आणि आवाज भिंत मानत नाही, हे कार्यालयात बसून सुचणे कठीण आहे. आम्हालाही सुचले नसते. प्रत्येक डब्याला आधी एक वेगळी खूण, घंटेचा एखादा सूर किंवा दुकानाच्या नावाचे एक अक्षर, देता आली असती. ती सोय नाही. मग या तिघांनीच तोडगा काढला: मावशीचा डबा मराठीत, पिशव्यांच्या दुकानाचा गुजरातीत, आणि फूलवाल्याचा हिंदीत. कंपनीने भाषेचा पर्याय आपापल्या मातृभाषेच्या सोयीसाठी दिला होता. गल्लीने तो कोणाचे पैसे कोणाचे हे ओळखण्यासाठी वापरला. माझ्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीत वापरणाऱ्यांनी वस्तूला शिकवलेला इतका नेमका धडा मी दुसरा पाहिलेला नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. दुपारी ग्राहकाच्या फोनवर हिरवी खूण आणि डब्याचा आवाज यांत दोन-तीन सेकंदांचे अंतर असते, आणि तेवढे चालते. गणपतीच्या आदल्या शनिवारी, जेव्हा अख्खी मुंबई खरेदीला दादरमध्ये उतरलेली असते, तेव्हा ते अंतर वीस-पंचवीस सेकंदांवर गेले आणि काही वेळा आवाज आलाच नाही. हा दोष नेटवर्कचा आहे असे कंपनी म्हणेल आणि ते बव्हंशी खरे असेल. तरीही गप्प राहण्याच्या दोन जाती असतात, ‘पैसे आले नाहीत’ अशी आणि ‘मला कळत नाही’ अशी, आणि काउंटरवरच्या माणसाला त्यांतली कोणती हे समजायला हवे. आमचा डबा दोन्हींत सारखाच गप्प असतो. बारीक दिवा तेवढा तांबडा होतो, तो मावशीला उलट्या डब्यामुळे दिसतही नाही. एवढा बोलका डबा ‘नेटवर्क नाही’ हे दोन शब्द बोलून दाखवू शकत नाही, हे मला अजून उलगडलेले नाही. उलट नेटवर्क परत आले की तो साठवून ठेवलेले सगळे आकडे एका दमात, वेळ न सांगता, ओळीने म्हणतो. रविवारी सकाळी शटर उघडल्या उघडल्या त्याने आदल्या रात्रीचे साठ, एकशे वीस आणि पंचेचाळीस रुपये जाहीर केले, तेव्हा दुकानात मी, मावशी आणि देवाची तसबीर एवढेच होतो.

अशा वेळी ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानात खात्री मिळाली नाही तर पुढे काय, हे दोघांनाही माहीत नसते आणि वाद होतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार असा व्यवहार, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत, आपोआप उलटवून पैसे ग्राहकाला परत मिळाले पाहिजेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. डब्याच्या खोक्यात घडी घालून आलेल्या पत्रकात पंखा, पाणी आणि ऊन यांपासून डबा कसा जपावा याचे आठ मुद्दे आहेत. या नियमाचा एक शब्द नाही. मी तो मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरला चिकटवला, आणि त्यानंतरच्या दोन प्रसंगांत ग्राहक शांतपणे रोख देऊन गेले.

आता त्या वाक्यातल्या ‘प्राप्त झाले’ या शब्दांकडे येते. दुकानदारांच्या क्यूआरवर आलेले पैसे आमच्या बाबतीत आधी कंपनीच्या व्यवस्थेत जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून एका रकमेने मावशीच्या बँक खात्यात येतात. म्हणजे डबा ज्या क्षणी ‘प्राप्त झाले’ म्हणतो त्या क्षणी तिच्या खात्यात काहीच आलेले नसते. बहुतेक दिवशी याने बिघडत नाही. पण ज्या दिवशी बेसनवाल्याचे बिल संध्याकाळी द्यायचे असते त्या दिवशी ‘सकाळपासून पाच हजार आले की, मग खात्यात का नाहीत?’ हा प्रश्न मला फोनवर येतो. पासबुक भरून आणल्यावर तर अडचण आणखी वाढते. डब्याने दिवसभरात 31 वेळा वेगवेगळे आकडे सांगितलेले, आणि पासबुकात एकच ओळ, 3,418 रुपये. मावशी दर वेळी आकडा ऐकला की वहीत एक रेघ मारते, कारण तिला दिवसाअखेरीला मेळ बसवायचा असतो, आणि तो बसवण्याची सोय फक्त मोबाईलवरच्या अॅपमध्ये, तीन पडदे आत, आहे. जी वस्तू मोबाईलपासून सुटका म्हणून आली ती हिशेबासाठी परत मोबाईलकडेच पाठवते. रात्री एक बटण दाबले असता ‘आज एकतीस वेळा, एकूण तीन हजार चारशे अठरा रुपये, उद्या सकाळी बँकेत जमा होतील’ एवढे जरी डबा म्हणाला तरी रेघा मारायची गरज उरणार नाही.

हे का होत नसावे, याचा अंदाज मला माझ्या खुर्चीवरून करता येतो, आणि तो सांगितल्याशिवाय सेवेचे मोल ठरणार नाही. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. लहान दुकानदारांच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्र सरकारची प्रोत्साहन योजना आहे, आणि 2024-25 साठी तिचा दर 0.15 टक्के होता. मावशीकडे दिवसाला सरासरी 4,800 रुपये ऑनलाइन येतात असे धरले तर प्रोत्साहन होते 7 रुपये 20 पैसे, आणि तेही बँका व इतर भागीदारांत वाटले जाते. यूपीआयच्या व्यवहारांनी ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींचा आकडा ओलांडला तरी त्यातला प्रत्येक व्यवहार पुढे नेणाऱ्या कंपनीच्या हाती जवळजवळ काही लागत नाही. म्हणून डब्याचे महिन्याला 125 रुपये भाडे ही कंपनीच्या दृष्टीने शुद्ध आणि सरळ मिळकत आहे, आणि मी त्याला महाग म्हणणार नाही. एका दिवाळीत बुडालेल्या 640 रुपयांत पाच महिन्यांचे भाडे निघते. पण केवळ भाड्यावर अशा कंपन्यांचे भागत नाही. डब्यामुळे दुकानाची रोजची विक्री कंपनीला कळते, आणि ज्याला रोजची विक्री कळते त्याला त्या दुकानदाराला कर्ज देता येते. आमच्या स्वतःच्या बैठकांत ही वाक्ये मी उच्चारलेली आहेत, त्यामुळे त्यात काही पाप आहे असे सोंग मी आणणार नाही. लहान दुकानदाराला बँक दारात उभे करत नाही, आणि विक्रीच्या नोंदीवर मिळणारे कर्ज ही त्याची खरी गरज आहे.

माझा आक्षेप त्या कर्जाच्या वाटेवर डब्याच्या तोंडून जे वदवले गेले त्यावर आहे. नवरात्राच्या सुमारास आमचा डबा रक्कम सांगून झाल्यावर ‘आपल्या व्यवसायासाठी कर्ज मंजूर आहे, आजच अॅप उघडा’ असे म्हणू लागला. प्रत्येक व्यवहारानंतर नव्हे, पण दिवसातून चार-पाच वेळा, आणि भर गर्दीत. रांगेतल्या एका ओळखीच्या काकांनी ‘काय वहिनी, कर्ज काढताय?’ असे हसत विचारले. मावशी त्या दिवशी दुपारपर्यंत गप्प होती. दुकानदाराची आर्थिक बाब गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न निव्वळ कारागिरीचा आहे: त्या जाहिरातीचे सात सेकंद चालू असताना दुसऱ्या ग्राहकाचे पैसे आले, ते डब्याने जाहिरात संपल्यावर सांगितले, आणि तोवर तो ग्राहक ‘आवाज आला नाही’ म्हणून पुन्हा पैसे पाठवण्याच्या बेतात होता. ज्या एका कामासाठी वस्तू घेतली त्या कामाच्या आड तिचाच मालक आला. माझ्या पदावर बसलेल्या कोणीतरी, बहुधा तिमाहीचा आकडा समोर ठेवून, याला होकार दिला असणार; त्या बैठकीत ‘हा आवाज आपला नाही, भाडे देणाऱ्याचा आहे’ असे म्हणणारे कोणी नव्हते, किंवा होते आणि त्यांचे चालले नाही. मलाही अशा दोन बैठका आठवतात ज्यांत मी पुरेसे बोलले नव्हते.

नंतर कंपनीचा माणूस दुकानात आला, नम्र आणि मेहनती मुलगा होता. पन्नास हजारांचे कर्ज, रोजच्या जमेतून हप्ता परस्पर कापला जाईल, असे त्याने सांगितले. व्याज किती, असे मी विचारल्यावर ‘रोजचे दोनशे तीस फक्त, मॅडम’ असे उत्तर आले. किती दिवस, याचे उत्तर अॅपमध्ये होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून लहान उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांनाही मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या अटींचा थोडक्यात तक्ता, देणे बंधनकारक आहे, त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. मावशीच्या फोनवर आले ते इंग्रजी पीडीएफ होते. साठ रुपये झाले तरी मराठीतून ओरडून सांगणाऱ्या कंपनीला पन्नास हजारांचे कर्ज मात्र इंग्रजीत, बारीक अक्षरात आणि अगदी गुपचूप सांगावेसे वाटले. कर्ज घेतले नाही.

जाहिरात बंद करण्यासाठी मी अॅपमध्ये शोध घेतला. तशी सोय सापडली नाही. ग्राहकसेवेच्या क्रमांकावर तीनदा फोन केला, दोनदा ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर मिळाले, आणि तिसऱ्यांदा मी डबा परत करायचा आहे असे म्हटल्यावर दोन दिवसांत जाहिरात थांबली. त्यानिमित्ताने डबा परत करण्याची पद्धतही समजली. घेताना तो माणूस दहा मिनिटांत आधारकार्ड आणि एक सही घेऊन डबा चालू करून गेला होता. परत करायचा तर अॅपमध्ये विनंती, मग फोन, मग माणूस येईपर्यंत भाडे चालू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अॅप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांच्या (‘डार्क पॅटर्न’) ज्या 13 प्रकारांना मनाई केली त्यांत वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे कठीण ठेवण्याचाही प्रकार आहे. हा डबा त्या व्याख्येत नेमका बसतो की नाही हे वकिलांनी ठरवावे. बंद करण्याची खूण अॅपच्या पहिल्या पानावर असावी, एवढे डिझाइन करणाऱ्याला वकिलाशिवाय कळते. मे महिन्यात मावशी गावी गेली आणि दुकान तीन आठवडे बंद होते, तेव्हाचे भाडेही पुढच्या जमेतून पूर्ण कापले गेले.

जी दुकाने एकट्या माणसावर चालतात, ज्यांचे हात कामात असतात आणि ज्यांच्याकडे दिवसाला पंधरा-वीसच्या वर ऑनलाइन व्यवहार होतात, त्यांनी साउंडबॉक्स जरूर घ्यावा असे माझे मत आहे. घेताना तीन गोष्टी आणणाऱ्या माणसासमोरच पक्क्या करून घ्याव्यात: दुकान बंद असतानाचे भाडे, पैसे खात्यात येण्याची वेळ, आणि जाहिराती बंद ठेवण्याचे लेखी आश्वासन, निदान एसएमएसवर. ज्यांचे व्यवहार थोडे पण मोठ्या रकमांचे आहेत त्यांनी विचार करावा. दिवाळीत एका कार्यालयाच्या फराळाचे 8,400 रुपये डब्याने गल्लीला ऐकू जातील अशा आवाजात जाहीर केले, आणि तेव्हापासून मोठी ऑर्डर असली की मावशी आधी डब्यावर जाडसर टॉवेल टाकते. पाचपैकी वस्तूला मी चार देईन आणि सेवेला दोन. दोन्हींची सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण मावशीला रोज वस्तू भेटते आणि सेवा फक्त भांडण असले की.

या महिन्यात शेजारच्या पिशव्यांच्या दुकानात त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा बसू लागला आहे. त्याने पहिल्याच दिवशी हौसेने त्यांचा डबा मराठीत करून घेतला, आणि मावशीला ऐकवायलाही आला. तिने त्याचे कौतुक केले, हातावर एक चकली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्याला तो परत गुजरातीत करायला लावला.